प्रा. मधु दंडवते : सत्तेबाहेर गेलेल्या नेत्याचा हिशेब आपण कसा मांडायचा?

मार्च १९९८ मध्ये केंद्रात सरकार बदलले आणि प्रा. मधु दंडवते नियोजन आयोगाच्या उपाध्यक्षपदावरून दूर झाले. ते त्यांचे शेवटचे सत्तापद. राजापूर लोकसभा मतदारसंघातून ते १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून आले होते. १९९१ मध्ये तिथेच त्यांचा पराभव झाला. आज सिंधुदुर्गात त्यांचे नाव निघाले की लोक कोकण रेल्वेचे बोलतात आणि विषय तिथेच संपतो. आंबेडकरी तरुणांनी एवढ्यावर थांबू नये, असे आम्हाला वाटते. मोठा नेता पायउतार होतो तेव्हा गौरवाचे लेख सगळेच लिहितात. आपण मात्र विचारले पाहिजे : त्यांच्या निर्णयांतून वस्तीतल्या शेवटच्या घरापर्यंत काय पोहोचले आणि काय वाटेतच राहिले?

कट्टा, नाथ पै आणि राजापूर मतदारसंघ

मालवण तालुक्यातल्या कट्टा गावात बॅ. नाथ पै सेवांगण ही संस्था आहे. ज्यांच्या नावाने ती चालते ते वेंगुर्ल्याचे नाथ पै १९५७ पासून राजापूरचे खासदार होते. १९५७ ची ती निवडणूक संयुक्त महाराष्ट्र समितीची होती आणि समितीत प्रजा समाजवादी पक्षाबरोबर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही होते. त्याआधी १९५२ मध्ये मुंबईत बाबासाहेब आणि समाजवादी नेते अशोक मेहता यांनी एकत्र निवडणूक लढवली होती. दोघेही पराभूत झाले. म्हणजे समाजवादी आणि आंबेडकरी चळवळीचे नाते जुने आहे, आणि त्यात जवळीक आहे तसा दुरावाही आहे. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै यांचे अकाली निधन झाले आणि ही जागा दंडवतेंकडे आली.

सिद्धार्थ महाविद्यालयाचे प्राध्यापक

२१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे जन्मलेले दंडवते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि तेही मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सुरू केलेल्या या महाविद्यालयात ते १९७१ पर्यंत विभागप्रमुख आणि उपप्राचार्य होते. ज्यांच्या घरात शिकलेली ती पहिलीच पिढी होती, अशी आपली कितीतरी मुले याच महाविद्यालयातून बाहेर पडली. दंडवतेंच्या चरित्रातला हा भाग कोकणातल्या भाषणांत क्वचितच येतो.

रेल्वेमंत्री, १९७७ ते १९७९

आणीबाणीत दंडवते बेंगळुरूच्या तुरुंगात होते आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याला. १९७७ मध्ये जनता सरकार आले आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. मे १९७४ च्या रेल्वे संपात कामावरून काढलेल्या कामगारांना त्यांनी परत घेतले.

दुसरा निर्णय साधा दिसतो. रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ मध्ये कागदावरून गेला होता. लाकडी फळ्या तशाच होत्या, फक्त त्यांना दुसरा वर्ग म्हणत. दंडवतेंनी त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसवायला लावला. पहिला वर्ग खाली आणायचा नाही, दुसरा वर आणायचा, अशी त्यांची भूमिका होती. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तिला वर्गभेदच नव्हता. गाडीच्या डब्यात माणसामाणसांतला फरक थोडा कमी करता येतो, हे त्यांनी खात्याचा मंत्री म्हणून करून दाखवले.

१९९० : आपल्यासाठी महत्त्वाचे वर्ष

डिसेंबर १९८९ मध्ये व्ही. पी. सिंग यांच्या सरकारात ते अर्थमंत्री झाले. बाबासाहेबांना भारतरत्न, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्र आणि मंडल आयोगाच्या शिफारशीनुसार इतर मागासवर्गीयांना केंद्रात २७ टक्के आरक्षण, हे सगळे १९९० मधले. मंडल आयोग नेमला होता १९७९ मध्ये, जनता सरकारने. आयोग नेमणाऱ्या आणि त्याची शिफारस अमलात आणणाऱ्या, दोन्ही मंत्रिमंडळांत दंडवते होते.

बौद्धांसाठी त्याहून मोठी गोष्ट त्याच वर्षी झाली. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात सवलत फक्त हिंदूंना होती. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्ध झालेल्यांना महाराष्ट्र सरकारने सवलती दिल्या होत्या, पण केंद्राचे दार धम्मदीक्षेनंतर ३४ वर्षे बंद राहिले. १९९० च्या दुरुस्तीने त्या आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द आला. याचे श्रेय एकट्या दंडवतेंना देणे चूक होईल. ते त्या सरकारचे, समाजकल्याणमंत्री रामविलास पासवान यांचे, आणि त्याहून जास्त तीन दशके मोर्चे काढणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांचे आहे. दंडवते ज्या मंत्रिमंडळाच्या पहिल्या फळीत होते, त्याने हे केले, एवढी नोंद पुरेशी आहे.

जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री दंडवते एकाच वेळी होते म्हणून पैशाची अडचण सुटली : काही भाग केंद्राचा, काही चार राज्यांचा आणि बाकी कर्जरोख्यांतून. २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळुरूपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा पूर्ण मार्ग खुला झाला.

देशाबाहेरचा हिशेब

१९५५ च्या गोवा सत्याग्रहात दंडवतेंनी एका तुकडीचे नेतृत्व केले. परकी सत्तेविरुद्धचा तो लढा सिंधुदुर्गच्या सीमेवरचाच होता. अर्थमंत्री असताना मात्र बाहेरचे जग त्यांच्या विरोधात गेले. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेलाचे भाव भडकले, आणि तिथल्या सुमारे १,७०,००० भारतीयांना विमानाने मायदेशी आणावे लागले. आखातातून येणाऱ्या पैशालाही फटका बसला. सरकार नोव्हेंबरमध्ये पडले आणि पुढच्या वर्षी देशाला सोने गहाण टाकावे लागले. त्या संकटाची मुळे ऐंशीच्या दशकातल्या उधळपट्टीत आहेत. पण तूट आवरण्यात दंडवतेंच्या अर्थसंकल्पालाही यश आले नाही, हे लिहिलेच पाहिजे.

उणी बाजू

त्याच अर्थसंकल्पात शेतकऱ्यांची १०,००० रुपयांपर्यंतची कर्जे माफ झाली. निर्णय लोकप्रिय होता. पण ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याला बँकेचे पीककर्ज सहसा मिळत नव्हते. मग माफी कशाची होणार? बँकेचे कर्जच नसलेला, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा मजूर या योजनेच्या बाहेरच राहिला. समाजवाद्यांची गरिबीची भाषा जातीपाशी येऊन अडखळते, हा आपला जुना आक्षेप इथे खरा ठरतो. पक्षाच्या नेतृत्वात आपली माणसे किती होती, हा प्रश्नही उरतोच.

रेल्वेचेही तसेच. तिने मुंबई जवळ आणली. पण गावात काम आणले नाही तर गाडी तरुणांना फक्त बाहेर घेऊन जाते.

आपण काय घ्यायचे?

एवढी पदे भूषवूनही दंडवते साधेच राहिले. मृत्यूनंतर त्यांच्या इच्छेप्रमाणे देह मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाला दिला गेला. या गोष्टींचा आदर ठेवूनच त्यांचा हिशेब मांडता येतो.

आपल्या तरुणांना आमची सूचना आहे : आपापल्या बौद्धवाडीत १९९० नंतर केंद्राच्या नोकरीत किती जण गेले, किती घरांच्या नावावर जमीन आहे, आणि किती जण अजून मजुरीवर आहेत, याची यादी करा. पुढचा कोणताही नेता, आपला असो वा दुसऱ्यांचा, मत मागायला आला की ती यादी त्याच्यासमोर ठेवा. तो पायउतार होईल तेव्हा त्याचे मूल्यमापन करायलाही तीच उपयोगी पडेल.