काठाची किंमत

रुंद दृश्य टिपणारे भिंग घेताना आपण पहिल्याने विचारतो, कडेचे चित्र रेखीव येते काय? हा प्रश्न जुनाच आहे. १८४० साली व्हिएन्नातील गणिती पेट्झवाल यांनी व्यक्तिचित्रांसाठी भिंग आखले. ते प्रकाश भरपूर घेई. मधला चेहरा रेखीव उमटे, कडा मात्र पुसट राहत. चेहऱ्याला हे चालले; इमारतीला कसे चालावे? १९०० साली जर्मनीत एमिल फॉन हॉएग यांनी गोएर्झ कंपनीसाठी ‘हायपरगॉन’ रचले. आवाका सुमारे १३५ अंश, आणि कडाही सुधारलेल्या. पण छिद्र एफ/२२ इतके बारीक, शिवाय कडेला उजेड तोकडा! म्हणून मधला प्रकाश रोखण्यासाठी भिंगापुढे चांदणीच्या आकाराची चकती हवेच्या झोताने काही काळ फिरवीत. तात्पर्य, काठ फुकट मिळत नाही. भिंग निवडण्यापूर्वी एवढे ठरवावे, आपल्याला माणूस टिपायचा आहे की वाडा?