काय, कसा वाटला सिनेमा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



थिएटरचा खेळ सुटतो, दारे उघडतात, माणसे डोळे चोळत उजेडात येतात. बाहेर पुढच्या खेळासाठी रांग लागलेली असते. त्या रांगेतला एखादा तरी माणूस बाहेर पडणाऱ्याला विचारतोच, 'काय, कसा आहे?' उत्तरही ठरलेले असते. 'बरा आहे', 'बघण्यासारखा आहे', नाहीतर नुसतीच मान हलवून 'काही नाही हो, पैसे फुकट!' एवढ्या दोन शब्दांवर रांगेतला माणूस कधी रांग सोडतो, कधी बायकोमुलांना घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. पाहिलेल्या सिनेमाविषयीच्या या बोलण्याला इतिहासात काही जागा आहे का, याविषयी मी आज बोलणार आहे.

हा विषय सुचला तो एका वहीमुळे. माझे आजोबा पुण्यात कारकून होते आणि रोजचा जमाखर्च लिहिल्याशिवाय झोपत नसत. दूध, वाणी, कोळसा, मुलांच्या पाट्या आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा सिनेमा. दुधापुढे नुसती रक्कम असे. सिनेमापुढे मात्र रकमेनंतर एक-दोन शब्द जास्त असत. 'उत्तम', 'गाणी चांगली', 'लांबला फार', एके ठिकाणी तर नुसतेच 'डोके दुखले'. पैसे खर्च केले तर त्याचे काय मिळाले हे लिहावे, एवढाच त्यांचा हिशेब असणार. पण आज ती वही वाचताना मला वाटते, की हा इतिहासाचा कागद आहे.

आपल्याकडच्या चित्रपटाचा जन्मच मुळी पाहिलेल्या सिनेमाविषयी घरी येऊन बोलण्यातून झाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. दादासाहेब फाळके १९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये मुलाला घेऊन गेले होते. पडद्यावर हिंडणारी-फिरणारी जनावरे पाहून मुलगा थक्क झाला. घरी येऊन त्याने आईला सांगितले, तर कोणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके घरच्या मंडळींनाच घेऊन गेले आणि त्या दिवशी पडद्यावर होते ख्रिस्ताचे जीवन. ही हकीकत अशीच सांगितली जाते.

पुढचे मात्र स्वतः फाळक्यांनी लिहून ठेवले आहे. १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात 'भारतीय चित्रपट' या विषयावर त्यांनी लेख लिहिले. समोर ख्रिस्त दिसत असताना आपल्या मनापुढे राम आणि कृष्ण कसे येत होते, गोकुळ आणि अयोध्या कशी दिसत होती, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. म्हणजे 'काय, कसा वाटला?' या प्रश्नाला दिलेले हे लांबलचक उत्तरच. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्याची सुरुवात एका प्रेक्षकाच्या या अनुभवात आहे. तो अनुभव फाळक्यांनी मनातच ठेवला असता, तर 'राजा हरिश्चंद्र' कदाचित आपल्याला मिळाला असता. पण तो का निर्माण झाला हे आपल्याला कधीच कळले नसते.

आता तुम्ही म्हणाल, प्रेक्षकांच्या बोलण्याचे एवढे काय? इतिहास लिहायचा तर प्रत्यक्ष चित्रपटच पाहावेत! अडचण नेमकी तिथेच आहे. मूकपटांच्या काळात आपल्या देशात हजाराहून अधिक चित्रपट तयार झाले. त्यांतले आज पाहायला मिळतात ते अगदी मोजके, आणि त्यांतलेही कित्येक तुकड्यांत. त्या वेळची फिल्म नायट्रेटची. ती भुरूभुरू पेट घेई आणि जपून ठेवली नाही तर आपोआप सडून जाई. खेळ संपले, फिल्म जीर्ण झाली, की तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठीही ती विकली जाई. पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, तेव्हा गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले होते. त्या चित्रपटाची आज एकही प्रत नाही. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून रिळे गोळा केली, म्हणून जे उरले ते उरले. त्यातही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेटची हजारो रिळे गेली.

जिथे फिल्म गेली, तिथे काय उरते? काही छायाचित्रे, जाहिराती, आणि ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांचे बोलणे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' १९२० सालचा. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की थिएटरात घबराट उडाली आणि तो भाग पुढे कापावा लागला, असे सांगतात. लोकमान्य टिळकांनी हयातीच्या त्या शेवटच्या वर्षी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवले. आपण काही तो कीचकवध पाहू शकत नाही. पण लोक किती घाबरले, हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरे उदाहरण 'सावकारी पाश'चे. पेंटरांनी सावकाराने नाडलेल्या शेतकऱ्याची ही कथा १९२५ मध्ये मूकपट म्हणून काढली. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. पुढे १९३६ मध्ये पेंटरांनी तिचाच बोलपट केला. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी त्या बोलपटाविषयीची आठवण लिहून ठेवली आहे. अंधारात बुडालेली एक उदास झोपडी, आणि कुठेतरी रडणारे कुत्रे. वाडियांनी तो चित्रपट 'चांगला' की 'वाईट' एवढेच सांगून सोडले असते, तर आपल्या हाती काही लागले नसते. त्यांनी झोपडी सांगितली, कुत्रे सांगितले. म्हणून एवढ्या वर्षांनंतर ते दृश्य थोडेसे आपल्यालाही दिसते. मत आणि साक्ष यांतला फरक हा असा आहे.

प्रेक्षकांचे म्हणणे सरकारनेही एकदा पद्धतशीर गोळा केले होते. १९२७ मध्ये इंग्रज सरकारने दिवाणबहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. पाश्चात्य चित्रपटांमुळे हिंदी प्रेक्षकांच्या मनात गोऱ्या लोकांविषयी भलत्या कल्पना भरतात की काय, अशी सरकारला धास्ती होती. अमेरिकन चित्रपटांऐवजी साम्राज्यातले चित्रपट खपावेत, हाही हेतू होताच. समितीने देशभर हिंडून ३५३ साक्षी घेतल्या. थिएटरमालक, निर्माते, संपादक, शिक्षक, अधिकारी असे सगळ्या थरांतले लोक बोलले. फाळक्यांनीही आपले म्हणणे मांडले. महात्मा गांधींनाही प्रश्नावली गेली होती. आपण सिनेमाला कधी गेलोच नाही, असे त्यांनी कळवले आणि सिनेमा वाईट आहे हेही सांगून टाकले! न पाहता मत देण्याची आपली परंपरा किती थोर आहे, हे यावरून दिसावे. गांधीजींनी पुढे १९४४ मध्ये जुहूला विजय भट्टांचा 'रामराज्य' पाहिला, एवढी भर त्यात घालायला हवी.

समितीने साम्राज्यातल्या चित्रपटांना झुकते माप द्यायला नकार दिला आणि देशी चित्रपटाला मदत करा, असे सुचवले. सरकारने अहवाल बासनात बांधला. पण त्या साक्षींचे जाडजूड खंड छापले गेले, आणि त्या काळी लोक काय पाहत होते, त्यांना काय आवडत होते, हे जाणून घ्यायला आज अभ्यासक त्यांच्याकडेच वळतात.

तरीही त्या खंडांत सापडणार नाही असे बरेच काही आहे, आणि इथे मला पुन्हा आजोबांच्या वहीकडे यायचे आहे. १९३७ मध्ये 'प्रभात'चा 'कुंकू' आला. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा, शांतारामांचा. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटे आणि केशवराव दाते यांची ती कामे जुन्या मंडळींना आठवत असतील. वहीत त्या दिवशी नोंद आहे : 'कुंकू. दोन तिकिटे. चांगला. विचार करण्याजोगा.'

दुसरे तिकीट आजीचे होते. मी कॉलेजात असताना तिला सहज विचारले, 'आजी, तुला कसा वाटला होता गं 'कुंकू'?' आजी गहू निवडत होती. म्हणाली, 'माझ्या थोरल्या बहिणीला बिजवरालाच दिली होती. तिच्यापेक्षा तेवीस वर्षांनी मोठा. ती कधी काही बोलली नाही. मला सिनेमात सारखी तीच दिसत होती. वाटलं, अक्काला एकदा दाखवावा. पण तिला कोण पाठवणार?' मग थोड्या वेळाने म्हणाली, 'घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, कसा होता? मी म्हटलं, गाणी छान आहेत.'

श्रोतेहो, वहीत 'विचार करण्याजोगा' आहे. आजीचा विचार मात्र वहीत नाही. तो चाळीस वर्षे तिच्यापाशीच होता, आणि मी विचारले नसते तर तिच्याबरोबरच गेला असता. त्या काळच्या अनेक थिएटरांत बायकांसाठी स्वतंत्र जागा असे. तिथे बसलेल्या किती जणींना 'कुंकू' पाहताना कोणती अक्का दिसली असेल! घरी येऊन त्यांनी 'गाणी छान आहेत' एवढेच सांगितले असेल. नायट्रेटची फिल्म जळली म्हणून आपण हळहळतो. ही दुसरी फिल्म गेली, तिची नोंदही कोणी केली नाही.

आणखी एक गोष्ट वहीतून शिकायला मिळते. मते बदलतात. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' १९५९ मध्ये आला. सिनेमास्कोपमधला आपल्याकडचा पहिला चित्रपट, पण लोकांनी तो साफ नाकारला. त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून स्वतःचे नाव कोणत्याच चित्रपटाला लावले नाही. १९६४ मध्ये ते गेले. आज त्याच चित्रपटाचे नाव उत्तम भारतीय चित्रपटांच्या यादीत असते. आजोबांनी लिहिले आहे : 'काही नीट समजले नाही. परत येताना कोणी बोलले नाही.' पहिले वाक्य त्या वेळच्या सगळ्या प्रेक्षकांचे आहे. दुसऱ्या वाक्यात मात्र पुढे वीस-पंचवीस वर्षांनी जाणकारांना जे दिसले, त्याची चाहूल आहे. ज्या चित्रपटाने घरी जाईपर्यंत माणसांना गप्प केले, त्यात काहीतरी होते खरे! नुसते 'पडला' असे लिहिले असते, तर ते हरवले असते.

उलटही घडते. १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' लागला, तेव्हा धंद्यातल्या जाणत्या लोकांनी तो पडला म्हणून सांगितले. शेवट बदलावा का, असाही विचार निर्मात्यांच्या मनात येऊन गेला. वाचवला तो थिएटरातून बाहेर पडून शेजाऱ्याला संवाद म्हणून दाखवणाऱ्या माणसांनी. मुंबईच्या मिनर्व्हात तो पुढे पाच वर्षे चालला. २००४ मध्ये 'श्वास' आला, तेव्हा ना मोठे नट होते, ना जाहिरातीला पैसा. एकाने पाहिला आणि दुसऱ्याला सांगितले. 'श्यामची आई'नंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळाले, आणि तो ऑस्करला निघाला तेव्हा प्रचाराच्या खर्चासाठी शाळकरी मुलांनीही पैसे जमवले. तोंडी बोलण्याची ताकद ही अशी असते.

आज आपण सिनेमाविषयी पूर्वीपेक्षा जास्तच बोलतो. खेळ संपायच्या आत मोबाईलवरून चार जणांना कळवतो. पाचापैकी किती चांदण्या, तेही सांगतो. पण पुष्कळदा ते आजोबांच्या 'उत्तम' आणि 'डोके दुखले' यांच्या पुढे जात नाही. आणि मोबाईल बदलला, की तेवढेही पुसले जाते.

म्हणून एक विनंती आहे. पुढच्या वेळी सिनेमा पाहून याल, तेव्हा एखाद्या वहीत तारीख घाला, कोणाबरोबर पाहिला ते लिहा, आणि एकच गोष्ट लिहा : पाहताना कोण आठवले? मत चुकले तरी बिघडत नाही. पुढे वाचणाऱ्याला त्याचाच उपयोग होईल. आणि घरात कोणी वडीलधारी माणसे असतील, तर आज जेवताना त्यांना विचारा, 'तुम्ही पाहिलेला पहिला सिनेमा कोणता?' त्या म्हणतील, 'गाणी छान होती.'

तिथे थांबू नका. पुढे विचारा.