रमाबाई कुठं वाकल्या, कुठं नाही

पेटची तयारी करणाऱ्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो: "गाईडपुढे किती नमतं घ्यायचं?" मी सायन्सचा माणूस, पण या प्रश्नाचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर इतिहासात आहे, पंडिता रमाबाईंच्या कागदपत्रांत. नम्रता हा ख्रिस्ती शिकवणुकीतला मोठा गुण. रमाबाई तो शिकल्या, पण त्यांच्या चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना हवा होता तसा नाही.

सुरुवात बाप्तिस्म्याच्या बरीच आधी होते. रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान. मुलींना संस्कृत शिकवायचं नाही या काळात त्यांनी आधी बायकोला शिकवलं, आणि आईनं रमाबाईंना. कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत पुराणं सांगून जगत होतं. 1874 च्या सुमारास दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण एकामागून एक गेली. पुढे 1907 च्या आत्मकथनात रमाबाईंनी याचा हिशेब मांडला आहे, आणि तो वाचताना मी थांबलो. दोष त्या फक्त दुष्काळाला देत नाहीत. जातीचा आणि विद्येचा अभिमान आड आला, म्हणून आम्ही हातानं करायचा कुठलाच उद्योग शिकलो नाही. शिकलो असतो तर आईवडील वाचू शकले असते, असा त्या लिहिण्याचा अर्थ. अख्खी पुराणं पाठ, पण चार पैसे मिळवून देईल असं एकही काम हातात नाही.

त्यानंतर बहीणभाऊ पायी फिरत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेतली, 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. वय वीस! मग भावाचा मृत्यू, लग्न, दोन वर्षांच्या आत वैधव्य, पुणे, आणि 1883 मध्ये इंग्लंड. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज इथं त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मनाला काय भिडलं, तेही त्यांनी सांगितलंय. लंडनजवळ फुलहॅमला वाँटेजच्या सिस्टर्स 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांची सेवा करत होत्या, तीही प्रेमानं. अशा बायकांना माणसासारखं वागवणं रमाबाईंना नवीन होतं. हे का करता, असं विचारल्यावर त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची आणि येशूची गोष्ट सांगण्यात आली.

म्हणजे सेवा आधी दिसली, सिद्धांत नंतर. सिद्धांतावरून तर भांडणच झालं. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी 1884-85 मधला पत्रव्यवहार अ. बा. शहांनी संपादित केलेल्या 1977 च्या संग्रहात आहे. रिसर्चला बसणाऱ्या प्रत्येकानं तो वाचावा असं मला वाटतं. रमाबाई त्रैक्याबद्दल शंका काढतात. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन नको, संस्कृत अक्षरं हवीत म्हणतात. शाकाहार सोडत नाहीत. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तर त्यांनी बिशपांनाच जाब विचारला. जेराल्डीनबाईंना यात गर्व दिसला. रमाबाईंचं म्हणणं असं की एका पुरोहितवर्गाचं जोखड आत्ताच कुठे मानेवरून उतरवलंय, आता दुसऱ्याचं चढवून घेणार नाही.

इथं कोण बरोबर? माझं मत रमाबाईंच्या बाजूनं आहे, पण अर्ध्यातच निकाल देऊ नका. (एक सवय लावून घ्या: 1907 चं आत्मकथन मागे वळून, लोकांसाठी लिहिलेलं आहे, पत्रं त्या त्या दिवशीच्या रागासकट आहेत. दोन्ही शेजारी ठेवूनच वाचायचं.) कारण आत्मकथनात त्या स्वतःबद्दलही कठोर आहेत. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नाही, असं त्या कबूल करतात.

1889 मध्ये मुंबईत शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्यात. मग 1896-97 चा मध्य प्रांतातला दुष्काळ. स्वतःच्या घराला खाऊन गेलेलं तेच संकट पुन्हा समोर. त्या तिकडे गेल्या आणि मुली-बायका घेऊन आल्या, सुमारे तीनशे. त्यांच्यासाठी केडगावला जमीन होती, तिथं मुक्ती उभी राहिली. शेती, विणकाम, तेलघाणी, दूधदुभतं, छापखाना: प्रत्येकीला हाताचं काम. 1874 च्या हिशेबाचं उत्तर मला या यादीत दिसतं. वाकायचं ते इथं, शेतात आणि घाण्याशी.

शेवटची पंधरा-एक वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. 'सरस्वती' म्हणवलेल्या बाईनं त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं, म्हणजे पुन्हा पहिलीच्या बाकावर बसणं. आणि भाषा निवडली ती साधी. संस्कृतप्रचुर शब्द त्यांना सहज आले असते. ते त्यांनी टाळले, कारण वाचणाऱ्या बाया नुकत्याच अक्षरं शिकलेल्या होत्या.

हे मला नीट कळलं ते देवगडात. माझं काम हापूसमधल्या साक्यावर. फळ वरून देखणं आणि आत गर पांढरा, पोचट. पहिल्या हंगामात आढीपाशी आंबे निवडणाऱ्या एका आजींना मी 'गराच्या ऊतींमधली विकृती' समजावत बसलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मगे साको म्हण ना, सरळ!" मग कुठल्या कलमाला जास्त, कुठल्या उन्हात जास्त, हे त्याच सांगत गेल्या. माझी वही त्या दिवशी पहिल्यांदा भरली.

मुक्तीतल्या भाषांतराला मंडळ्यांमध्ये फारशी जागा मिळाली नाही. तिथं बायबल सोसायटीचंच चालत राहिलं. 1921 मध्ये मनोरमा गेली. रमाबाई प्रुफं तपासत राहिल्या. ते काम उरकतं न उरकतं तोच 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. 1924 मध्ये संपूर्ण बायबल बाहेर आलं. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी सगळं मुक्तीतल्या बायकांनीच केलं होतं.