उमरगा : घरे शासनाने दिली, गाव ग्रामपंचायतीच्या पदरी

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील उमरगा हा कर्नाटकाच्या सीमेलगतचा तालुका. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाचा सर्वाधिक तडाखा या तालुक्याला आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्याला बसला. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो कुटुंबे एका पहाटेत बेघर झाली. सास्तूर, होळी, राजेगाव ही तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील गावे जमीनदोस्त झाली. पुढे ती नव्या लोहारा तालुक्यात गेली. त्या वेळचा उस्मानाबाद जिल्हा आता धाराशिव या नावाने ओळखला जातो.

माळवदाची घरे

या भागातील जुनी घरे माळवदाची होती. दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात थंडावा देणारी हीच रचना भूकंपात जीवघेणी ठरली. दगडी भिंतींची धास्ती लोकांच्या मनात इतकी बसली, की धड राहिलेल्या घरातही झोपायला कोणी तयार होईना. पहिला निवारा म्हणून पत्र्याची शेड उभारण्यात आली.

पुनर्वसनाचे तीन मार्ग

जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने १९९४ मध्ये राज्य शासनाने भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. त्यात गावांचे हानीनुसार तीन गट करण्यात आले. पूर्णतः उद्ध्वस्त झालेली सुमारे ५० गावे नव्या जागी वसविण्यात आली. यांतील अनेक गावे स्वयंसेवी संस्था व उद्योगसमूहांनी दत्तक घेऊन बांधली. दुसऱ्या गटातील गावांची पुनर्बांधणी आहे त्याच ठिकाणी झाली. तिसऱ्या, सर्वांत मोठ्या गटात कमी-अधिक हानी झालेली जवळपास अडीच हजार गावे होती. तेथे घरदुरुस्ती व मजबुतीकरणासाठी घरमालकांना हप्त्यांनी अनुदान मिळाले आणि काम त्यांनी स्वतः करून घेतले.

स्थलांतरित गावांत घराचा आकार जमिनीच्या मालकीवर ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टर जमीन असणाऱ्यांना ४०० आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौरस फुटांचे घर मिळाले. शेतकऱ्याला बैलबारदाना व धान्य ठेवण्यास जागा लागते, असा युक्तिवाद त्यामागे होता. मात्र त्यामुळे जुन्या गावातील उतरंड नव्या गावाच्या आराखड्यातही उमटली.

ग्रामसभेची कसोटी

पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली होती. त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी भूकंप झाला. नवी जागा निवडणे, लाभार्थ्यांच्या याद्या तपासणे ही कामे ग्रामसभेपुढे आली. तिसऱ्या गटातील गावांत घरोघरी माहिती पोहोचविण्यासाठी महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आल्या. अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, भिंतीत आडवा पट्टा कोठे घालावा, हे त्यांनी गावकऱ्यांना समजावले.

पैसा व तांत्रिक निर्णय मात्र राज्य यंत्रणेच्या हाती राहिले. बांधकाम संपून यंत्रणा परतल्यावर मागे राहिली ती ग्रामपंचायत. सरळ रस्ते आणि सुटे भूखंड यांमुळे नवे गाव जुन्याच्या कित्येक पट पसरले होते. जलवाहिनी, गटारे, रस्ते, दिवाबत्ती सारेच लांबले. घरपट्टीचे उत्पन्न मात्र त्या प्रमाणात वाढले नाही. शेजार बदलला, भावकी विखुरली, शेते दूर पडली.

पुन्हा बेघर

दुसरी अडचण सावकाश पुढे आली. शासनाची यादी १९९३ मधील कुटुंबांची होती. मुले मोठी होऊन त्यांचे संसार वेगळे झाले. २५० चौरस फुटांत दोन चुली मांडणे कठीण. मूळ घराला लागून पत्र्याची शेड उभी राहिली. भूकंपानंतरचा तात्पुरता निवारा पुढच्या पिढीचे घर ठरला.

अशा कुटुंबांना आता भूकंपग्रस्त म्हणून नव्हे, तर घरकुल योजनेत बेघर म्हणून अर्ज करावा लागतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट आहे. १९९३ च्या भूमिहीनाला मिळालेल्या घराहून ते जेमतेम १९ चौरस फुटांनी अधिक. याद्यांची पडताळणी येथेही ग्रामसभेकडेच आहे. पण घरकुलासाठी आधी जागा लागते आणि ज्याच्या नावावर जागा नाही, त्याचा प्रश्न गावठाण विस्ताराशी येऊन थांबतो. तो निर्णय एकट्या ग्रामपंचायतीच्या हाती नसतो. जाब मात्र गावकरी तिलाच विचारतात.