पेशीचा बहिरेपणा : इन्शुलिनच्या शोधाची उत्तरकथा

इ. स. १९०५ हे साल शरीरशास्त्राच्या इतिहासात एका योगायोगामुळे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या जून महिन्यात लंडन येथे अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी आपल्या व्याख्यानांत ‘हार्मोन’ हा शब्द प्रथम वापरला. ग्रीक भाषेत त्याचा धात्वर्थ चेतविणे, चालना देणे असा आहे. आपल्याकडे पुढे त्यास ‘संप्रेरक’ हा समर्पक प्रतिशब्द मिळाला. एका ग्रंथीतून निघावयाचे, रक्तावाटे दूरच्या अवयवाकडे जावयाचे आणि त्यास कामास लावावयाचे, असे या रासायनिक निरोप्याचे काम. त्याच वर्षाच्या अखेरीस केंब्रिज येथील जॉन लँग्ली यांनी कोंबडीच्या स्नायूंवर निकोटीन व क्युरारे या दोन विषांचे प्रयोग करून असे प्रतिपादन केले की, स्नायूच्या पेशीत काही ‘ग्रहणशील द्रव्य’ असले पाहिजे. विष त्यासच जाऊन भिडते आणि मग परिणाम घडतो. म्हणजे हाकेचे आणि कानाचे नामकरण एकाच वर्षी झाले. परंतु पुढील अर्धशतक गौरव झाला तो हाकेचा. कानाकडे फारच थोड्यांनी पाहिले. आम्हांस येथे त्या उपेक्षित कानाची कथा सांगावयाची आहे, आणि ती सांगण्यास मधुमेहाइतके घरोघरचे उदाहरण दुसरे नाही.

मधुमेहाचा संबंध स्वादुपिंडाशी आहे हे १८८९ सालीच दिसून आले होते. त्या वर्षी मिन्कोव्स्की व फॉन मेरिंग यांनी स्ट्रासबुर्ग येथे एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्यास तीव्र मधुमेह जडला. पुढे ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास स्वादुपिंडाच्या अर्काची पहिली टोचणी देण्यात आली. ती जवळजवळ फुकट गेली. मात्र कॉलिप यांनी अधिक शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून देताच मुलाच्या प्रकृतीस उतार पडला. मृत्यूच्या दारी टेकलेली मुले उठून बसू लागली. १९२३ साली बँटिंग व मॅक्लाउड यांस नोबेल पारितोषिक मिळाले, ते योग्यच होते.

अशा विजयानंतर शंका काढणार कोण? खटला निकालात निघाला असे सर्वांनी मानले. आरोपी स्वादुपिंड, आणि गुन्हा इन्शुलिन न पुरविण्याचा. आमच्या व्यवसायातील अनुभव असा आहे की, एखाद्या आरोपीने एका गुन्ह्याची कबुली दिली म्हणजे आसपासचे न उलगडलेले सर्व गुन्हे त्याच्याच नावावर मांडण्याचा मोह तपास करणाऱ्यास होतो. वैद्यकातही तसेच झाले. ज्याच्या रक्तात साखर वाढली त्याचे स्वादुपिंड निकामी, असा सरसकट निवाडा दिला जाऊ लागला.

वास्तविक पाहता मधुमेही सर्व एका जातीचे नव्हेत ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी नोंदविली गेली होती. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एक ‘सहज’, म्हणजे जन्मतः आलेला, आणि दुसरा ‘अपथ्यनिमित्तज’. पहिल्याचा रोगी कृश, रूक्ष, अल्प खाणारा व सारखा तहानलेला असतो. दुसऱ्याचा स्थूल, बहुभोजी, आणि शय्या, आसन व निद्रा यांत रमणारा. यावरून इन्शुलिनचे ज्ञान प्राचीनांस होते असा दावा कोणी करू नये. तसा तो करणे म्हणजे सुश्रुतांच्या खऱ्या मोठेपणाचा अपमान होय. त्यांनी रोगी नीट पाहिले, आणि पाहिले तसे लिहिले, हेच पुष्कळ झाले.

हे दोन प्रकार प्रयोगाने वेगळे करून दाखविले ते लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी, १९३६ साली. त्यांची युक्ती अगदी साधी होती. रोग्यास ग्लुकोज प्यावयास द्यावयाचे, त्याच वेळी शिरेतून इन्शुलिन टोचावयाचे आणि रक्तातील साखर मोजीत बसावयाचे. काही रोग्यांची साखर इन्शुलिनने आवरून धरली. काहींची मात्र इन्शुलिन नाहीच अशा थाटात चढत गेली. औषध तेच आणि मात्रा ठरलेली, तरी पालथ्या घड्यावर पाणी! हिम्सवर्थ यांनी एकांस इन्शुलिन-संवेदी व दुसऱ्यांस इन्शुलिन-असंवेदी म्हटले. दुसऱ्या गटात निरोप येत नाही असे नव्हे, तर आलेला निरोप ऐकला जात नाही, असा याचा अर्थ. परंतु रक्तात मुळात इन्शुलिन किती आहे हे मोजण्याचे साधन तेव्हा नसल्याने हा पुरावा बराच काळ अपुरा समजला गेला.

ते साधन न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका सरकारी रुग्णालयात रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी सिद्ध केले. किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावलेले इन्शुलिन वापरून रक्तातील इन्शुलिनचा अत्यल्प अंशही मोजण्याची त्यांची पद्धत १९६० साली प्रसिद्ध झाली. मोजमाप हाती येताच जुना निवाडा डळमळला. उतारवयात मधुमेह झालेल्या पुष्कळ रोग्यांच्या रक्तात इन्शुलिनचा दुष्काळ नव्हताच. काहींच्या रक्तात तर ते निरोगी माणसाहून अधिक होते. यॅलो यांस १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन १९७२ सालीच निवर्तले होते, आणि हे पारितोषिक मरणोत्तर देण्याची प्रथा नाही.

आता कानच शोधणे प्राप्त होते. १९७१ च्या सुमारास अमेरिकेत बेथेस्डा येथे जेसी रॉथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी खूण लावलेले इन्शुलिन यकृतपेशींच्या आवरणावर नेमके कोठे आणि किती चिकटते हे मोजून दाखविले. लँग्ली यांचे ग्रहणशील द्रव्य, ज्यास आज आपण ‘ग्राही’ म्हणतो, ते असे मोजपट्टीखाली आले. अतिस्थूल उंदरांच्या पेशींवर हे ग्राही संख्येने कमी आढळले. परंतु ते जन्मतःच कमी होते की नंतर कमी झाले?

या प्रश्नाचे उत्तर देणारा १९७४ सालचा प्रयोग आम्हांस या सर्व इतिहासातील सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो. जेम्स गॅव्हिन, रॉथ व इतरांनी मानवी लसिकापेशी काचपात्रात वाढविल्या आणि त्यांस काही तास इन्शुलिनच्या सान्निध्यात ठेवले. मग ते इन्शुलिन धुऊन काढले व ग्राही मोजले. ते घटलेले होते. पेशी त्याच, त्यांत कोणताही रोग नाही. केवळ अखंड हाकेमुळे त्यांनी आपले कान कमी केले होते. पुढे इन्शुलिन दूर ठेवताच ग्राहींची संख्या पूर्ववत झाली. रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण पेशीच्या अंगीही इतकी मुरलेली असेल असे कोणास वाटले होते? दुसऱ्याच वर्षी स्थूल माणसांवरील निरीक्षण प्रसिद्ध झाले. आहार कमी केल्यावर त्यांच्या रक्तातील इन्शुलिन उतरले आणि पेशींवर ते ग्रहण करण्याची शक्ती पुन्हा वाढली.

हे घडते कसे? इन्शुलिन ग्राहीस जडले म्हणजे पेशी त्या जोडीस आवरणासकट आत ओढून घेते. आत इन्शुलिनचे विघटन होते आणि ग्राही बहुधा पुन्हा पृष्ठभागावर परत पाठविला जातो. परंतु हाक थांबतच नसेल तर अधिकाधिक ग्राही आतच मोडीत निघतात. अॅड्रिनॅलिनच्या ग्राहींची तऱ्हा काहीशी निराळी आहे. तेथे प्रथम ग्राहीवर फॉस्फेटची खूण होते, मग ‘अरेस्टिन’ नावाचे प्रथिन त्यावर टोपणासारखे बसते, आणि पुष्कळदा ग्राही त्यानंतरच आत जातो. अॅड्रिनॅलिनचे ग्राही शोधून त्यांचे कार्य उलगडणारे रॉबर्ट लेफ्कोविट्झ व ब्रायन कोबिल्का यांस २०१२ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

हाकेचा जोर जितका महत्त्वाचा तितकीच तिची लयही महत्त्वाची, हे १९७८ साली अर्न्स्ट नोबिल यांच्या माकडांवरील प्रयोगांनी दाखविले. मेंदूतून पीयूषिका ग्रंथीस जनन-संप्रेरके सोडण्याचा आदेश जातो, त्या आदेशाचा उगम या माकडांत नष्ट केलेला होता. तासातून एकदा सहा मिनिटे कृत्रिम आदेश दिला की ग्रंथी काम करू लागे. तोच आदेश अखंड देत राहिले तर ती गप्प होई! वैद्यांनी या बहिरेपणाचाही उपयोग करून घेतला. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात त्याच संप्रेरकाची दीर्घकाळ टिकणारी प्रतिकृती टोचतात. आरंभी पुरुष-संप्रेरक उसळते, आणि काही आठवड्यांत खाली बसते.

तरीही ग्राहींची संख्या घटली म्हणून मधुमेह झाला, असा नवा सरसकट निवाडा देण्याचा आमचा हेतू नाही. पेशीजवळ ग्राही गरजेहून पुष्कळ अधिक असतात. ते घटले तरी अधिक इन्शुलिन ओतून काम भागते. प्रस्थापित मधुमेहात मुख्य अडथळा ग्राहीच्या पलीकडे, आतील निरोप पोचविणाऱ्या साखळीत असतो. यकृतात आणि स्नायूंत साचलेली चरबी तेथे आडवी येते, आणि ओरडून ओरडून शेवटी स्वादुपिंडही थकते. म्हणजे पहिला आरोपी अगदीच निर्दोष ठरत नाही. मात्र तो एकटाही नाही.

हे सर्व येथे सांगण्याचे कारण असे की, आपल्या घरांत मधुमेही माणसास अजूनही जिभेचा गुन्हेगार समजले जाते. पंक्तीत त्याच्या पानाकडे दहा डोळे लागतात, आणि सुश्रुतांचा दुसरा प्रकार तेवढा सर्वांच्या लक्षात राहिलेला असतो. परंतु पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लंडनचे आपले सहकारी जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली आहे. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे, निर्देशांक २२.३. दिसावयास दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिकांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेल्या बालकांचीही मोजणी केली होती. त्यांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो, स्नायू आणि पोट लहान, परंतु पाठीवरील कातडीखालची चरबी त्या मानाने जवळजवळ राखलेली. आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, पुण्यात जन्मलेल्या मुलांच्या नाळेतील रक्तात लंडनच्या गोऱ्या मुलांच्या मानाने इन्शुलिन अधिक आढळले. त्या मुलांनी तेव्हा जगातील अन्नाचा पहिला घासही घेतलेला नव्हता.