शब्दवेध : प्रणाली

संस्कृतात ‘प्रणाली’ म्हणजे पाणी वाहून नेणारी नाली. मराठीतली पन्हळ त्याच कुळातली. अभियांत्रिकीत हा शब्द ‘सिस्टिम’साठी रुळला असला, तरी त्या शब्दाच्या ग्रीक मुळाचा अर्थ ‘एकत्र उभे करणे’ असा आहे, आणि हा फरक मोलाचा आहे, कारण नालीतले पाणी एकाच दिशेने जाते, तर प्रणालीत परिणाम पुन्हा कारणाकडे परततो. जेम्स वॉटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनाला जोडलेल्या नियंत्रकात वेग वाढला की फिरणारे दोन गोळे बाहेर फेकले जात, त्यांना जोडलेल्या दांड्या वाफेची झडप मिटवू लागत आणि वेग उतरे; या परतीच्या संदेशालाच ‘फीडबॅक’ म्हणतात. विक्री पाहून उत्पादन ठरवणाऱ्या कारखान्यातही हेच चक्र चालते, मात्र तिथे माहिती उशिरा पोहोचली की गोदामात कधी माल साचतो, कधी तुटवडा पडतो, आणि रचनेतला हा दोष गोदामपालाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.