ब्लेडशिवाय फ्लॅप: या लेझरचा छोटासा इतिहास

चष्म्याचा नंबर घालवायला ‘ब्लेडलेस’ लेझर करू का, असं तुमच्यापैकी अनेकजण विचारतात. करावं की नाही, हे नेत्रतज्ज्ञ तुमचा कॉर्निया तपासून सांगतील. हे लेझर आलं कुठून, तेवढं मी सांगतो.

१९६१ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी क्वार्ट्झवर रुबी लेझरचा लाल झोत टाकला. पलीकडे लाल प्रकाशासोबत किंचित अतिनील प्रकाशही निघाला! (शोधनिबंध छापताना फोटोतला तो पुसट ठिपका डाग समजून पुसला गेला, असा किस्सा सांगतात.) प्रकाश फार तीव्र झाला की पदार्थाचं वागणं बदलतं. ‘नॉनलिनिअर’ म्हणजे हेच.

एवढी तीव्रता मिळवायची तर स्पंद अतिशय छोटा हवा, फेमटोसेकंदांचा. सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा शंभर कोटी. तो एक फेमटोसेकंद. असे स्पंद शक्तिशाली करण्याची युक्ती १९८५ मध्ये डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी दाखवली. त्यांना २०१८ चं नोबेल मिळालं. पुढे १९९० च्या दशकात मिशिगनमध्येच एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात असा झोत गेला. तपासणाऱ्या तरुण डॉक्टर रॉन कुर्ट्झ यांना पडद्यावरची इजा आश्चर्यकारक नेमकी दिसली, आजूबाजूला काही नाही. तिथून कॉर्नियाचा फ्लॅप कापण्याची कल्पना पुढे गेली. झोत कॉर्नियातून आरपार जातो, कापतो फक्त जिथे एकवटतो तिथे.

पण मुळात असे छोटे स्पंद तयार कसे होतात? लेझरमध्ये एक ‘दारवान’ बसवतात: मंद प्रकाश गिळणारा, तीव्र प्रकाश सोडणारा. १९९२ च्या सुमारास उर्सुला केलर यांनी अर्धवाहकाचा असा आरसा केला. २००४ मध्ये मँचेस्टरला चिकटपट्टीने ग्रॅफिन सुटं केलं गेलं. जाडी एका अणूची, तरी एक थर २.३ टक्के प्रकाश शोषतो. मग केंब्रिजच्या संशोधकांनी ग्रॅफिनचे कण प्लास्टिकसारख्या पॉलिमरमध्ये मिसळून पातळ फिल्म केली, ती फायबर लेझरमध्ये ठेवली आणि सुमारे ४६० फेमटोसेकंदांचे स्पंद मिळवले.

ही फिल्म यंत्रात असते, डोळ्यात नाही. म्हणून ‘नॅनो’, ‘ग्रॅफिन’ वाचून भुलू नका. नंबर वर्षभर स्थिर आहे का, कॉर्निया पुरेसा जाड आहे का, डोळे कोरडे पडतात का, हे आधी विचारा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायच्या, तेही.